सैनिकाचा सन्मान आणि युद्धाचा जाब

३ मे २००४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात एका तरुण सैनिकाची जाहीर शोकसभा झाली आणि ती दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवली गेली. सैनिकाचे नाव होते पॅट टिलमन. अमेरिकन फुटबॉलमधला लक्षावधी डॉलर्सचा करार नाकारून ते २००२ मध्ये धाकटा भाऊ केविन याच्यासह सैन्यात भरती झाले होते. २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात त्यांना मृत्यू आला. शत्रूशी झुंजत त्यांनी प्राणार्पण केले, असे शोकसभेत सांगण्यात आले. त्यांना सिल्व्हर स्टार हे शौर्यपदकही जाहीर झाले.

मात्र त्यांच्यासोबत असलेल्या सैनिकांना सत्य घटनेनंतर लगेचच ठाऊक झाले होते. टिलमन यांचा मृत्यू आपल्याच तुकडीच्या गोळ्यांनी झाला होता. त्यांचा गणवेश जाळून टाकण्यात आला. त्याच मोहिमेत असलेल्या भावालाही काही सांगण्यात आले नाही. शोकसभेनंतर जवळजवळ चार आठवड्यांनी लष्कराने ही गोष्ट मान्य केली. त्यानंतर सत्यासाठी झगडली ती त्या सैनिकाची आई, मेरी टिलमन. आपल्या मुलाचा जाहीर जयजयकार होत असताना त्याच्या मृत्यूविषयी आपल्याशी असत्य बोलले गेले, हे दुःख त्यांना मुलाच्या मृत्यूइतकेच जड गेले असेल, तर त्यात नवल नाही.

या घटनेतून निर्माण होणारा प्रश्न अमेरिकेपुरता मर्यादित नाही. युद्ध न्याय्य आहे की नाही याबद्दल लोकांच्या मनात शंका असताना सैनिकांचा जो जाहीर गौरव होतो, तो खरोखर सैनिकांसाठी असतो की युद्धासाठी? ख्रिस्ती माणसाने त्या गौरवात सहभागी व्हावे काय? आणि प्रश्न विचारणे म्हणजे सैनिकाचा अपमान करणे होय काय?

इराक युद्धाची पार्श्वभूमी

२० मार्च २००३ रोजी अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी इराकवर आक्रमण केले. इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत, हे त्यामागचे प्रमुख कारण सांगण्यात आले होते. ती शस्त्रे सापडली नाहीत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी हे युद्ध टाळण्यासाठी शक्य ते सर्व केले. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी कार्डिनल एचेगाराय यांना बगदादला आणि मार्चच्या आरंभी कार्डिनल पिओ लागी यांना वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या भेटीस पाठवले. अमेरिकेतील कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेनेही नोव्हेंबर २००२ मध्येच या युद्धाच्या न्याय्यतेबद्दल गंभीर शंका व्यक्त केली होती. आपल्या देशाच्या संसदेने एप्रिल २००३ मध्ये या आक्रमणाची निंदा करणारा ठराव संमत केला आणि जुलैमध्ये भारत सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवण्यास नकार दिला.

१ मे २००३ रोजी एका विमानवाहू नौकेवर ‘कामगिरी फत्ते’ अशा अर्थाचा मोठा फलक लावून राष्ट्राध्यक्षांनी मुख्य लढाई संपल्याचे घोषित केले. प्रत्यक्षात संघर्ष पुढे अनेक वर्षे चालला. त्यात सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि एक लाखाहून अधिक इराकी नागरिक मृत्युमुखी पडले. २००५ च्या सुमारास अमेरिकेतील जनमत चाचण्यांत निम्म्याहून अधिक लोक हे युद्ध ही चूक होती असे सांगू लागले. तरीही मोटारींवर पिवळ्या फितीची चिन्हे होती, सामन्यांपूर्वी सैनिकांना मानवंदना होती आणि ‘आमच्या सैनिकांना पाठिंबा द्या’ ही घोषणा सर्वत्र होती. युद्धाविषयी कोणी प्रश्न केला की, ‘म्हणजे तुम्ही सैनिकांच्या विरोधात आहात का?’ असा प्रतिप्रश्न तयार असे. सैनिकाबद्दलच्या आदराची अशा प्रकारे युद्धासाठी ढाल होते.

व्हिएतनामचा धडा

या घोषणेमागे एक इतिहास आहे आणि तो समजून घेतला नाही तर आपण अन्याय करू. व्हिएतनाम युद्धात अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले. जे परतले त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याच देशात अबोल्याचा आणि उपेक्षेचा अनुभव आला. त्यांतील बहुतेक जण गरीब व मध्यमवर्गीय घरांतील तरुण होते आणि पुष्कळांना सक्तीने भरती करण्यात आले होते. धोरण ठरवणाऱ्यांचा राग त्यांच्यावर काढला गेला. ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून समाजाने १९९१ च्या आखाती युद्धापासून सैनिकाचा उघड सन्मान सुरू केला. हेतू चांगला होता, पण समाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. पूर्वी युद्धाचा दोष सैनिकाच्या माथी मारला जात होता. आता सैनिकाच्या पुण्याईवर युद्ध निर्दोष ठरू लागले.

या बाबतीत ख्रिस्तसभेतही सर्वांचे वर्तन निष्कलंक राहिले नाही, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे. न्यू यॉर्कचे कार्डिनल स्पेलमन हे अमेरिकी सैन्यदलांचे धर्माधिकारी होते. नाताळात ते व्हिएतनाममध्ये सैनिकांना भेटत असत. ही त्यांची माया खरी होती. पण १९६६ च्या नाताळात त्यांनी विजयाशिवाय दुसरा कोणताही शेवट कल्पनेपलीकडचा आहे, असे जाहीरपणे सांगितले. आदल्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९६५ रोजी, पोप सहावे पॉल यांनी संयुक्त राष्ट्रांसमोर युद्ध कायमचे थांबवण्याचे कळकळीचे आवाहन केले होते. सैनिकांवरील माया आणि युद्धाचे समर्थन यांतील सीमारेषा एका ज्येष्ठ धर्माधिकाऱ्यालाही दिसू नये, हे आपल्याला सावध करणारे आहे.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याचा ७९ वा परिच्छेद या संदर्भात मुळातून वाचण्याजोगा आहे. देशसेवेसाठी सैन्यात असलेल्यांनी स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक समजावे, असे तो सांगतो. त्याच परिच्छेदात अमानुष आज्ञांना उघडपणे नकार देणाऱ्यांच्या धैर्याची मोठी प्रशंसा केली आहे आणि सदसद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असेही म्हटले आहे. सेवा करणारा सैनिक आणि नकार देणारा माणूस या दोघांचाही मान एकाच परिच्छेदात राखला गेला आहे.

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्रमांक २३०९) शस्त्राने स्वसंरक्षण करण्यासाठी चार कठोर अटी घातल्या आहेत. आक्रमकाने केलेली हानी दीर्घकाळ टिकणारी, गंभीर व निश्चित असली पाहिजे. ती थांबवण्याचे इतर सर्व मार्ग निरुपयोगी ठरलेले असले पाहिजेत. यशाची वास्तविक शक्यता असली पाहिजे. आणि शस्त्रांच्या वापराने मूळ अनर्थापेक्षा मोठा अनर्थ होता कामा नये. सैनिक शूर आहेत, ही या चारांपैकी एकही अट नाही. शौर्य हा सद्गुण आहे. पण अन्याय्य युद्धातही माणूस शौर्याने लढू शकतो. म्हणून सैनिकाच्या शौर्यावरून युद्धाची न्याय्यता ठरत नाही आणि युद्ध अन्याय्य ठरल्याने प्रत्येक सैनिक आपोआप दोषी ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे, हीच आपली पहिली जबाबदारी आहे.

पवित्र शास्त्रातही हाच तोल आढळतो. सैनिक योहान बाप्तिस्ताकडे येऊन ‘आम्ही काय करावे?’ असे विचारतात, तेव्हा तो त्यांना झिडकारत नाही आणि त्यांची स्तुतीही करत नाही. कोणावर जुलूम करू नका, आपल्या वेतनात समाधान माना, असे तो त्यांना बजावतो (लूक ३:१४). प्रभू येशू रोमी शताधिपतीच्या विश्वासाची वाखाणणी करतो, रोमच्या साम्राज्याची नव्हे.

गौरव कोणाच्या कामी येतो?

एप्रिल २००३ मध्ये जेसिका लिंच या १९ वर्षांच्या सैनिक तरुणीची इराकी रुग्णालयातून सुटका करण्यात आली. शेवटच्या गोळीपर्यंत ती लढली, अशी कथा वृत्तपत्रांतून पसरली. प्रत्यक्षात तिची बंदूक अडकली होती आणि तिने एकही गोळी झाडली नव्हती. २४ एप्रिल २००७ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर तिने स्वतः हे सांगितले आणि आपल्याला असत्याने वीरांगना बनवण्याची गरज नव्हती, असा आशय मांडला. त्याच दिवशी केविन टिलमन यांनीही आपल्या भावाविषयी साक्ष दिली. ज्या आठवड्यात त्यांच्या भावाची वीरकथा देशाला सांगितली गेली, त्याच सुमारास अबू घरैब तुरुंगातील कैद्यांच्या छळाची छायाचित्रे जगासमोर आली होती. देशाला तेव्हा चांगल्या बातमीची निकड होती, हे लक्षात घेतले की बरेच काही उलगडते.

दुसरीकडे, १९९१ ते २००९ या काळात सैनिकांच्या शवपेट्या मायदेशी आणल्या जात असताना त्यांची छायाचित्रे घेण्यास वृत्तमाध्यमांना बंदी होती. २००७ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाच्या अखत्यारीत जखमी सैनिकांना बुरशी आणि उंदीर असलेल्या इमारतीत राहावे लागत असल्याचे उघडकीस आले. मैदानात टाळ्या आणि रुग्णालयात हेळसांड! ज्या गौरवासाठी काहीच खर्च करावा लागत नाही, तो गौरव समाजाला सोपा वाटतो. त्या काळात सेवेत असलेले सैनिक अमेरिकेच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. उरलेल्यांना युद्धाची झळ फारशी पोहोचत नव्हती, म्हणून त्यांची टाळी अधिक जोरात वाजत होती, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरू नये.

वीराला पापनिवेदन करता येते काय?

या गौरवाची सर्वांत मोठी किंमत मात्र सैनिक स्वतः मोजतो. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर बॉस्टन येथे उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी ‘नैतिक जखम’ ही संकल्पना मांडली. आपल्या हातून घडलेले, आपण पाहिलेले किंवा वरिष्ठांनी घडवून आणलेले दुष्कृत्य माणसाच्या अंतर्मनाला पोखरत राहते, ती ही जखम. २००८ ते २०१७ या दशकात अमेरिकेत दरवर्षी सहा हजारांहून अधिक माजी सैनिकांनी आत्महत्या केली. प्रत्येक आत्महत्येचे कारण युद्ध नव्हे. परंतु हा आकडा वाचून आपण स्वस्थ बसू शकत नाही.

ज्याला रात्री एखाद्या तपासणी नाक्यावर मारले गेलेले कुटुंब आठवते, त्याला सगळे जग ‘तू वीर आहेस’ असे म्हणत असेल, तर त्याने आपले ओझे कोणापुढे उतरवावे? वीराला अश्रू गाळण्याची आणि क्षमा मागण्याची मुभा नसते. ख्रिस्तसभेपाशी मात्र त्याच्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. तेथे त्याला कोणी वीर म्हणत नाही, कोणी खुनीही म्हणत नाही. तेथे तो पित्याच्या घरी परतलेला पुत्र असतो. ही जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवायची असेल, तर आपण त्याच्याविषयी सत्य तेवढेच बोलले पाहिजे.

खरा सन्मान

खरा सन्मान कसा असतो, याची दोन उदाहरणे आपल्यासमोर आहेत. फादर व्हिन्सेंट कपोडॅनो हे मेरीनॉल संस्थेचे धर्मगुरू. सैनिकांचे आध्यात्मिक सेवक म्हणून ते व्हिएतनामला गेले आणि ४ सप्टेंबर १९६७ रोजी निःशस्त्र अवस्थेत, जखमींपर्यंत पोहोचत असताना मारले गेले. ख्रिस्तसभेने त्यांना २००६ साली ‘प्रभूचा सेवक’ घोषित केले. व्हिएतनाम युद्धाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यांच्या प्रीतीपुढे मस्तक नमते.

दुसरे उदाहरण फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याचे. पत्नी आणि लहान मुली असलेल्या या गृहस्थाने हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला. धर्माधिकाऱ्यांनीही त्याला कुटुंबाचा विचार करण्याचा सल्ला दिला होता. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. युद्धानंतरही अनेकांना तो कर्तव्यचुकार वाटत राहिला आणि त्याच्या विधवेला निवृत्तिवेतन सुरुवातीला नाकारण्यात आले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले, तेव्हा ९४ वर्षांची त्याची पत्नी फ्रान्झिस्का तेथे उपस्थित होती.

बंधुभगिनींनो, आपल्याही धर्मग्रामांतील काही घरांतून मुले सैन्यात गेली आहेत आणि काही नातलग परदेशी स्थायिक आहेत. त्यांच्यासाठी आपण नावानिशी प्रार्थना करावी. जखमी होऊन परतलेल्याच्या दारी जावे, त्याला बोलायचे असेल तर ऐकावे, आणि बोलायचे नसेल तर त्याच्याजवळ बसावे. नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना दोन्ही बाजूंच्या मृतांचे स्मरण ठेवावे, कारण शत्रूच्याही आया रडतात. आणि एखादे युद्ध न्याय्य आहे काय, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आपण सोडू नये. जो आपला मुलगा रणांगणावर पाठवतो, त्याला त्याचे कारण विचारण्याचा हक्क आहे. आणि जे त्याला पाठवतात, त्यांनी खरे उत्तर देणे, हाच त्या मुलाचा पहिला सन्मान आहे.