जुन्या दिव्याला नवा रंग; पण आधी धातू ओळखा

चतुर्थीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादा जुना दिवा हमखास खाली उतरतो. पडवीत टांगायचा लोखंडी कंदील, वाकड्या दांड्याचा टेबललॅम्प किंवा आजीच्या काळातील समई. रंगाचा डबा आणून तासाभरात त्याला नवे रूप देण्याचा मोह होतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच रंगाला फोड येतात.

दिव्याला चुंबक लावून पाहणे, ही पहिली पायरी. चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे, मग वरून तो कितीही पितळी दिसो. पितळेला व तांब्याला चुंबक चिकटत नाही आणि अशा दिव्यांना रंगाची गरजही नसते. चिंच किंवा आमसूल लावून घासल्यास त्यांची झळाळी परत येते. पितळी समईवर सोनेरी रंग चढवणे म्हणजे चांगली वस्तू बिघडवणे होय.

खरा प्रश्न लोखंडाचा. गोव्यात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबरचे मीठ धातूवर बसते, हवेतील ओलावा धरून ठेवते आणि गंजण्याची क्रिया वेगाने घडवते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाखाली राहिला तर वाढता वाढता वरचा थर उचलतो. म्हणूनच तारेच्या ब्रशाने सुटा गंज काढून, पॉलिश पेपरने घासून, थिनरच्या फडक्याने पुसून दिवा पूर्ण कोरडा करावा. त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. उघडे लोखंड रात्रभर ठेवल्यास दमट हवेत पुन्हा गंज धरते. प्रायमर वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात पुरेसे होतात. एकच जाड हात ओघळतो आणि आतून ओला राहतो. पाऊस रिपरिपत असेल तर काम पुढे ढकलणेच शहाणपणाचे. चतुर्थी हुकली तरी दिवाळी आहेच.

जुना रंग खरवडताना मात्र सावधगिरी हवी. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. असा रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून, तोंडाला धुळीसाठीचा चांगला मास्क लावून, मुलांना दूर ठेवून काम करावे. खाली कागद अंथरावा आणि तो गुंडाळून टाकून द्यावा.

तेलाच्या दिव्यात वात व ज्योतीजवळचा भाग रंगवू नये. साधे इनॅमल उष्णतेने करपते, त्याचा उग्र वास सुटतो. कंदिलाच्या वरच्या टोपीसाठी उष्णतारोधक रंग मिळतो, तोच वापरावा.

विजेच्या दिव्याचे काम प्लग काढूनच करावे. होल्डर उतरवून ठेवावा, कडक झालेली जुनी वायर बदलून घ्यावी. दिव्याचा सांगाडा धातूचा असेल तर अर्थिंगची वायर असलेला तीन पिनांचा प्लगच हवा. रंगवताना एक बारीकशी चूक वारंवार होते: अर्थिंगचा स्क्रू जिथे बसतो, तिथेही रंग लागतो. रंग वीजवाहक नसल्याने ते कनेक्शन निकामी ठरते आणि दिवा दिसायला नवा असला तरी हात लावणाऱ्याला झटका बसण्याची भीती राहते. तेवढी जागा आधीच चिकटपट्टीने झाकून ठेवावी आणि जोडणी झाल्यावर इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावी.