परदेशी शिकायला जाताना – लेखांक ६ : पेटीवरचं नाव

मागच्या आठवड्यात आपण व्हिसाच्या मुलाखतीपर्यंत आलो होतो. आता विमान उतरलं आहे असं धरू. देश जर्मनी घेतो. मी तिथेच शिकलो आणि वरणगाव-भुसावळकडून मला जे फोन येतात, त्यांतले बरेचसे जर्मनीविषयीच असतात.

आपल्या वरणगावात पत्ता म्हणजे माणूस. पाकिटावर वडिलांचं नाव आणि ‘फॅक्टरीत होते’ एवढं असलं तरी पत्र घरी येतं. कुलूप असेल तर शेजारच्या काकूंकडे राहतं. तीच सवय घेऊन मी पूर्व जर्मनीतल्या एका शहरात राहायला गेलो. खोली मिळाली, किल्ली मिळाली, पत्ता वहीत लिहून घेतला. बँकेचं कार्ड आणि पिन टपालाने, दोन वेगळ्या पाकिटांतून यायचे होते. दहा दिवस वाट पाहिली. दोन्ही पाकिटं केव्हाच परत गेली होती, कारण खालच्या टपालपेटीवर माझं आडनाव नव्हतं. तिथल्या पत्त्यात बहुधा रस्ता आणि इमारतीचा क्रमांक एवढंच असतं, खोलीचा नंबर नसतो. त्यामुळे पत्र पेटीवरच्या नावावर पोचतं. ते दिवस मी ब्रेड आणि आईने बांधून दिलेले बिबडे भाजून काढले. म्हणून सांगतो, सामान उघडण्याआधी घरमालकाला विचारून पेटीवर आणि बेलवर नाव लावा, पासपोर्टवर आहे तसंच.

दुसरं काम नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करण्याचं. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते, नाही केली तर दंड होऊ शकतो. सोबत पासपोर्ट लागतो आणि ‘हा माणूस माझ्या घरात राहायला आला आहे’ असा घरमालकाचा सहीचा दाखला. नुसता भाडेकरार चालत नाही. १ नोव्हेंबर २०१५ पासून हा वेगळा दाखला सक्तीचा आहे. आपल्या मुलांची गाडी अडते ती इथेच.

कारण पुढचं सगळं या नोंदीला बांधलेलं असतं. निवास परवान्याच्या अर्जाला तिचा कागद लागतो. अर्धवेळ कामासाठी हवा असलेला कर-क्रमांक नोंदीनंतर टपालाने येतो, म्हणजे पुन्हा त्या पेटीतच. काही बँका नोंदीशिवाय चालू खातं उघडत नाहीत. आणि चालू खात्याशिवाय, व्हिसासाठी अडकवून ठेवलेले पैसे हाती येत नाहीत. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२ सुटतात. (आकडा बदलत असतो, अर्जाच्या वेळी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघून घ्या.) घरच्यांनी शेत गहाण टाकून भरलेले पैसे बँकेत आहेत आणि मुलगा दोन महिने मित्राकडून उसने घेतोय, हे मी पाहिलंय. फार जीव तुटतो.

तेव्हा वरणगावातूनच, खोली पक्की करण्याआधी, एकच प्रश्न विचारा : नोंदीसाठी दाखला देणार का? विद्यार्थी वसतिगृहं देतात. थोड्या दिवसांपुरती खोली देणारे पुष्कळदा देत नाहीत. न पाहिलेल्या घराची अनामत मात्र कोणाच्याही खात्यावर आधी पाठवू नका. ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होतं, तेव्हा नगर कार्यालयाची वेळ मिळत नाही. तीही इथूनच ऑनलाइन घेता आली तर घ्या.

डॉ. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. कॉलेज पुढे फिलाडेल्फियात, ऑक्टोबरमध्ये. पण उतरण्याआधीच त्यांच्याकडे न्यू जर्सीतल्या रोझेल गावचा, कार्पेंटरबाईंच्या घराचा पत्ता होता. पत्रांतून जमलेली ती ओळख. तो उन्हाळा त्यांनी तिथेच काढला. आज एकट्याने जाणाऱ्या मुलीच्या आईशी बोलताना मला हीच गोष्ट आधी आठवते.

पिशवीबद्दल थोडं. साजूक तूप आणि पेढे काढून ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. बहुतेक फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, पण अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि आपली केळी यांना नाही. रावेरची चार केळी बिनघोर न्या. काळा मसालाही न्या, नीट सीलबंद. शनिवारी रात्री पोचणं टाळा; रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी मिळतात.

आणि घरी राहिलेल्यांनी पहिल्या फोनवर ‘जेवलास का’ विचारून झालं की लगेच विचारावं : पेटीवर नाव लावलं का रे?

(पुढील लेखांकात : आरोग्य विमा)