शिवारातील भक्ष्य आणि त्याचे वाटेकरी

गावाची वस्ती संपून शेते, ओढे व माळरान जेथे सुरू होतात, त्या पट्ट्यात रात्रीच्या वेळी एकाच भक्ष्याच्या शोधात अनेक प्राणी वावरत असतात. रानमांजर, खोकड, कोल्हा आणि गव्हाणी घुबड हे त्यांपैकी वन्य होत. त्यांच्या जोडीला गावातील घरमांजरही असते. या सर्वांच्या आहारात उंदरांना महत्त्वाचे स्थान आहे. काही भागांत बाऊल या नावाने ओळखले जाणारे रानमांजर दररोज सुमारे ३ ते ५ उंदीर फस्त करते, असा अंदाज राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासात मांडण्यात आला आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या उंदरांवर निसर्गाने बसविलेला हा विनामूल्य पहारा होय. तो टिकवावयाचा, तर या पहारेकऱ्यांच्या अन्नात किती वाटेकरी आहेत हे पाहणे अगत्याचे ठरते.

विषम स्पर्धा

दोन प्राणी एकच अन्न खातात, एवढ्यावरून त्यांच्यात स्पर्धा आहे असे म्हणता येत नाही. भक्ष्य मुबलक असेल तर दोघांचेही भागते. एकाने खाल्ल्यामुळे दुसऱ्यास कमी पडू लागले, म्हणजे खरी स्पर्धा सुरू होते. या स्पर्धेत घरमांजराची बाजू वरचढ असते. उंदीर घटले की वन्य प्राण्यास उपासमार सोसावी लागते, अथवा तो प्रदेश सोडावा लागतो. त्याची पिलेही कमी जगतात. घरमांजराला मात्र घरचे दूधभात व उकिरड्यावरील उष्टे मिळतच राहते. पोट भरलेले असले तरी शिकारीची त्याची उपजत प्रवृत्ती जात नाही. म्हणून भक्ष्य दुर्मीळ झाले तरी घरमांजरांची संख्या त्या प्रमाणात घटत नाही.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या ग्रामीण भागात डब्ल्यू. जी. जॉर्ज यांनी शेतावरील मांजरांच्या शिकारीच्या नोंदी ठेवल्या आणि १९७४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकारी पक्ष्यांना हिवाळ्यात लागणारे भक्ष्य पाळीव मांजरांमुळे कमी पडू शकते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

निरीक्षण कसे करावे?

अशा स्पर्धेचा शोध घेताना तीन बाबी पाहाव्या लागतात : कोणता प्राणी काय खातो, कोठे खातो आणि कोणत्या वेळी खातो. विष्ठेतील केस, दात व हाडांचे तुकडे तपासून आहार समजतो. मात्र विष्ठा उघड्या हाताने हाताळू नये. ओल्या मातीतील ठसेही उपयोगी पडतात. मांजरांच्या ठशांत नखे सहसा उमटत नाहीत, खोकड व कोल्हा यांच्या ठशांत ती दिसतात. घरमांजर व रानमांजर यांचे ठसे केवळ नजरेने वेगळे करणे कठीण असल्यामुळे स्वयंचलित कॅमेऱ्याचे साहाय्य घ्यावे. लांब पाय, आखूड शेपूट, शेपटीच्या टोकाकडील काळी वलये आणि अंगावर ठळक ठिपक्यांचा अभाव, या खुणांवरून रानमांजर ओळखता येते. छायाचित्रावरील वेळेवरून कोणता प्राणी केव्हा बाहेर पडतो हेही कळते. उंदरांच्या वापरात असलेल्या बिळांची मोजणी पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तिन्ही ऋतूंत केल्यास भक्ष्याची चढउतार ध्यानी येते.

गावाचे कर्तव्य

घरमांजर हा गावाचा वैरी नव्हे. घरातील व कोठारातील उंदरांचा बंदोबस्त तेच करते. प्रश्न आहे तो त्याच्या अनिर्बंध वाढीचा. उष्टे व मासळीचा कचरा उघड्यावर न टाकणे, मांजरांची नसबंदी व लसीकरण करून घेणे आणि त्यांना रात्री घरात ठेवणे, हे उपाय कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. त्यामुळे घरमांजराकडून रानमांजराला होणारा रोगप्रसार व दोहोंतील संकर यांनाही आळा बसतो. रानमांजराला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, याची जाणीव ग्रामस्थांना करून द्यावी.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोक जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद झाली आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांना या नोंदवहीत स्थान मिळाल्यास गावाचा पुढील निर्णय ऐकीव माहितीवर नव्हे, तर प्रत्यक्ष पुराव्यावर आधारलेला असेल. शिवारातील रानमांजर व घुबड नाहीसे झाल्यानंतर उंदरांचा उपद्रव मोजीत बसण्यापेक्षा, ते आहेत तोवरच त्यांच्या अन्नाचा हिशेब मांडणे शहाणपणाचे होय.