भिंत बंद होण्याआधी

घरातल्या वीजजोडणीचा पहिला पाईप भिंतीत नव्हे, स्लॅबमध्ये पडतो. सेंट्रिंगवर सळयांची जाळी बांधून झाली की काँक्रीट यायच्या आत वायरमन पंख्यांचे बॉक्स जागेवर ठेवतो आणि तिथून पीव्हीसीचे पाईप सळयांमधून भिंतींच्या दिशेने नेऊन तारेने बांधतो. बॉक्सची तोंडं कागद किंवा थर्माकोल कोंबून बंद करतात; नाहीतर सिमेंटचं पाणी आत शिरतं आणि पाईप कायमचा बुजतो. लहान घरात हे काम अर्ध्या दिवसाचं. पण पंखा खोलीच्या मध्यावर की पलंगाच्या वर, हे त्याच अर्ध्या दिवसात ठरून जातं. विटाही रचलेल्या नसताना घरमालकाला पलंगाची जागा विचारली जाते, आणि बहुतेक जण "बघू नंतर" म्हणतात. पुढे घरभर लोळणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डांचं मूळ बऱ्याचदा या उत्तरात असतं.

वीटकाम उभं राहिलं की गिलाव्याआधी भिंतींवर खडूने खुणा होतात. खरी आखणी हीच. नुसता नकाशा पुरत नाही. नकाशात दार कसं उघडतं ते एका बारीक कमानीने दाखवलेलं असतं आणि ती कमान सहसा कोणी वाचत नाही. त्यातून दारामागे गेलेला स्विचबोर्ड जन्माला येतो: आधी खोलीत शिरायचं, दार लोटायचं आणि मग दिवा लावायचा. बोर्ड कडीच्या बाजूला, चौकटीपासून वीतभर अंतरावर, जमिनीपासून चार ते साडेचार फुटांवर असला की अंधारात हात आपोआप त्यावर पडतो.

पलंगाशेजारचा बोर्ड याहून नाजूक. पलंग सहा फुटी धरून दोन्ही बाजूंना बोर्ड लावले आणि सुताराने उशाची फळी साडेसहा फुटांची केली, तर प्रत्येक बाजूला तीन इंच झाकले जातात. सॉकेट फळीमागे जातं आणि मोबाइलचा चार्जर कोनात तिरपा खुपसावा लागतो. म्हणून खुणांच्या दिवशी वायरमनबरोबर सुतारालाही बोलवावं. फर्निचर नंतर करायचं असेल, तर निदान पलंग, कपाट आणि टीव्ही यांची मापं जमिनीवर खडूने काढून मग भिंतीकडे वळावं.

खुणा पक्क्या झाल्या की कटरने झिरी काढतात. झिरी उभी आणि सरळ हवी. आडवी लांब झिरी भिंत कमजोर करते. तिरपी झिरी तर पुढे खिळा ठोकणाऱ्याला सापळाच. पाईप बसवून झिरी सिमेंटने भरल्यावर तिच्यावर जाळी मारली नाही, तर गिलाव्यावर बरोबर त्या रेषेत तडा जातो. बॉक्सही गिलाव्याच्या पातळीत यावा लागतो. तो आत राहिला तर स्क्रू पोचत नाहीत आणि बाहेर आला तर प्लेट भिंतीपासून सुटी राहते. वळणावर काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरलेला बरा; वायर ओढताना त्याचा फरक कळतो.

बॉक्स किती घ्यावेत, याचा हिशेब स्वयंपाकघरात चुकतो. सकाळी आठची वेळ डोळ्यांसमोर आणावी. फ्रिज चालूच असतो, एका टोकाला मिक्सर, दुसरीकडे चहाची किटली, मायक्रोवेव्हमध्ये कालची भाजी, वर चिमणी, कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर. आठवड्यातून एकदा घरघंटी निघते. तिची मोटर एका हॉर्सपॉवरची असली तर पाऊण किलोवॅट तीच घेते. फ्रिज, चिमणी आणि फिल्टर यांना स्वतःचे पॉइंट हवेत, कारण ती उपकरणं कधी हलत नाहीत. ओट्यावरच्या फिरत्या उपकरणांसाठी ओट्यापासून आठ-दहा इंच वर निदान दोन ठिकाणी सॉकेटं असावीत. मिक्सरची वायर आखूड असते. सॉकेट दूर असलं की ती ताणून शेगडीजवळून न्यावी लागते. शेगडीच्या मागे आणि सिंकच्या वर सॉकेट घेऊच नये. ओट्याच्या टाइल्सची मांडणी आधी ठरली तर बॉक्स सांध्यावर येत नाही, हा सौंदर्याचा मुद्दा. पण रोज समोर दिसणाऱ्या भिंतीवर तोही मोजायला हवा.

सॉकेट लहान घ्यायचं की मोठं, ते गणिताने ठरतं. आपल्याकडे घरातला दाब २३० व्होल्ट. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून त्यामुळे १३८० वॅट मिळतात, १६ अँपिअरच्या सॉकेटमधून ३६८०. १५०० वॅटची किटली लहान सॉकेटच्या मर्यादेबाहेर जाते. २००० वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, मोठ्या सॉकेटांना अडीचची आणि गिझर, एसी यांना थेट मुख्य पेटीपासून वेगळी चारची, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. प्रत्येक वाटेला आपला एमसीबी. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला धक्क्यापासून वाचवायचं काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं. तो घेतला नाही तर खर्च वाचतो, असं सांगणारा ठेकेदार बदलावा. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नाही: प्लग आत जाताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते. तिला वगळून दोन पिनांचा अडॅप्टर लावला की ही सोय फुकट जाते. सॉकेटात उघड्या तारा घालून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट करण्याची मांडवातली रीत तर घरात येताच कामा नये.

मराठी घराला वर्षातले काही दिवस विशेष वीज लागते. आकाशकंदिलासाठी गॅलरीच्या छताला पॉइंट आणि त्याचं बटण घरात, एवढं केलं तर दिवाळीत खिडकीच्या फटीतून वायर न्यावी लागत नाही. गणपती बसतो त्या कोपऱ्यात दोन सॉकेटं जास्त घेतली तर आरासीच्या माळा एकाच बोर्डावर लोंबत नाहीत. हे पॉइंट आखणीत सहसा कोणाला आठवत नाहीत. गिलावा झाल्यावर आठवतात.

आता वायरी. टीव्हीमागे वीज, सेट-टॉप बॉक्स, इंटरनेट आणि स्पीकर अशा चार-पाच वायरी येतात. टीव्हीच्या मागच्या उंचीपासून खालच्या कपाटापर्यंत भिंतीत दोन इंची रिकामा पाईप सोडला, तर त्या दिसेनाशा होतात आणि पुढे नवी केबलही ओढता येते. इंटरनेटची वायर विजेच्या पाईपमध्ये घालू नये. तिला वेगळा पाईप हवा. अभ्यासाच्या टेबलाला मागच्या कडेशी एक भोक आणि खाली पाटीला लावलेला सॉकेटांचा बोर्ड एवढ्याने काम भागतं. उरलेली वायर सैल वेटोळ्यात बांधावी, पण गिझर किंवा इस्त्रीसारख्या जड उपकरणाची वायर गुंडाळून ठेवू नये. वेटोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही. सतरंजीखालून नेलेल्या वायरीचंही तेच, शिवाय तिथे तिचं आवरण पायाखाली झिजत असलेलं दिसत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड पाहुणा म्हणून चालतो. एकाच जागी वर्षभर राहिला तर तिथे पॉइंट कमी पडला, असं समजावं आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी केसिंग-कॅपिंगची पट्टी लावून तो घ्यावा.

एक काम मात्र फुकटात होतं. पाईप बसून झाले की प्रत्येक भिंतीला टेप लावून तिचा फोटो काढावा: कोपऱ्यापासून किती इंचांवर झिरी आहे, ते आकड्यासह दिसलं पाहिजे. हे फोटो ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टबरोबर जपून ठेवावेत. दहा वर्षांनी कपाट टांगायला ड्रिल मशीन घेऊन येणाऱ्या माणसाला तेच लागतात. ते गिलाव्याच्या आदल्या दिवशीच काढता येतात. दुसऱ्या दिवशी भिंत सपाट झालेली असते.