बुंदेलखंडची अन्नसुरक्षा : शिधापत्रिका आणि हवेली

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला सवलतीच्या धान्याचा हक्क मिळाला. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. त्यामुळे उपासमार टळते. झाशीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे स्थलांतर मात्र टळत नाही. येथील कठीण खडकात पावसाचे पाणी फारसे मुरत नाही. त्यावरील स्थानिक उपाय म्हणजे ‘हवेली’ : उताराकडे मातीचा बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी अडवायचे आणि ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. सामूहिक देखभाल सुटली, तसे हे बांध फुटत गेले. केंद्राने २००९ मध्ये बुंदेलखंडातील १३ जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले. पण देखभालीची सवय निधीतून येत नाही. झाशीजवळील परासई-सिंध पाणलोटात २०११ नंतर कृषिवानिकी संशोधक, इक्रिसॅट व ग्रामस्थ यांनी हवेलीची दुरुस्ती करून नाल्यांवर बंधारे बांधले. विहिरींची पातळी २ ते ५ मीटरने वाढली. अर्थात हवेलीखालच्या जमिनीचा खरीप बुडतो आणि पाणी मिळते शेजाऱ्याच्या विहिरीला. ही भरपाई कोणी व किती द्यावी, हे गावालाच बसून ठरवावे लागते.