खाऱ्या हवेतलं ‘जनता’

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या गावात आजोबांचं चावीचं घड्याळ जपायचं कसं, याचं रूढ उत्तर एकच आहे: रुमालात गुंडाळायचं आणि कपाटाच्या खणात ठेवून द्यायचं. हे उत्तर चुकीचं आहे. समुद्राला लागून असलेल्या गावात घड्याळ वापराने झिजतं त्यापेक्षा बंद राहून जास्त खराब होतं. ते काही वर्षांनी उघडून, धुऊन, तेल देऊन परत जुळवणं हाच त्याचा सांभाळ. हे काम करणारे जुने घड्याळजी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बाजारात घड्याळदुरुस्तीची पाटी दिसते, पण आत बहुतेक वेळा सेल बदलणं आणि पट्टा बसवणं एवढंच चालतं. म्हणून चावीच्या घड्याळाचं सर्व्हिसिंग हौस म्हणून शिकणाऱ्या माणसाकडे ‘रिकामटेकडा उद्योग’ म्हणून पाहणं आपण थांबवावं, असं माझं म्हणणं आहे. कोकणातली ही घड्याळं वाचलीच, तर अशाच हातांनी वाचतील.

ही घड्याळं आली कुठून, ते सांगायला इतिहास फार खोदावा लागत नाही. मुंबईत स्विस घड्याळांचा व्यापार इंग्रजी अमलातच रुजला होता. फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी ही नावं तेव्हाची, आणि वेस्ट एंडचं ‘सोवार’ तर फौजेत विशेष चालायचं. पण सामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ आलं ते एचएमटीमुळे. सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ घरोघर पोचली. मनीऑर्डरवर चालणाऱ्या कोकणात ती चाकरमान्यांबरोबर आली. कुणाला लग्नात मिळालेलं, कुणी बोनसातून घेतलेलं, कुणाला निवृत्तीच्या समारंभात नारळ-शालीबरोबर दिलेलं. पुढे क्वार्ट्‌झ आलं, मग मोबाइल आला आणि यांची रवानगी कपाटात झाली.

कपाटात काय होतं ते पाहू. ‘जनता’चं मशीन सतरा ज्वेलचं. त्यातलं बॅलन्स व्हील तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. हा सगळा भार ज्या पोलादी टोकांवर फिरतो ती जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड. ती कृत्रिम माणकाच्या छिद्रात, तेलाच्या इवल्याशा थेंबात फिरतात. घड्याळ चालो वा बंद असो, हे तेल वयाने चिकट होतं आणि शेवटी सुकतं. त्यात रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, चार महिने कपड्यांना बुरशी धरेल अशी ओल, आणि वेळणेश्वरला भरीला समुद्राचा खार. मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं. ओल शिरते ती बहुधा चावीच्या दांड्याजवळून, त्यामुळे गंजाचा पहिला डाग दांड्यावर पडतो, मग चावीशेजारच्या पोलादी खटक्यांवर, मग स्क्रूंच्या डोक्यांवर. पितळी प्लेटा टिकतात, पोलाद जातं. रुमाल यातलं काहीच अडवत नाही, उलट सुती रुमाल ओल धरून ठेवतो. घड्याळ अंगावर असतं तेव्हा निदान बिघाड लगेच कळतो. कपाटातला गंज मात्र चुपचाप वाढत राहतो.

आता सर्व्हिसिंग म्हणजे नेमकं काय, ते पाहू. मागचं झाकण काढल्यावर आधी स्प्रिंगमधला ताण उतरवायचा. चावी बोटांत धरून, खटका चिमट्याने बाजूला करून, चावी हळूहळू उलटी फिरू द्यायची. हे न करता पॅलेट, म्हणजे चक्रांना अडवून धरणारा काटा, काढला, तर चक्रं भर्रकन फिरतात आणि एखादा दात किंवा टोक गेलंच म्हणून समजा. मग हेअरस्प्रिंगसकट, म्हणजे त्याला जोडलेल्या बारीक स्प्रिंगसकट, बॅलन्स उचलायचा, पॅलेट काढायचा, पूल उघडून चक्रं एकेक करून बाहेर. धुवायला आपल्याकडचे घड्याळजी वर्षानुवर्षं पेट्रोल वापरत आले. काम होतं, पण बंद खोलीत, दिव्याजवळ तो प्रकार नको. धुऊन झाल्यावर ज्वेलची छिद्रं टोकदार लाकडी काडीने साफ करायची आणि काडी पांढरी बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. नवशिक्याचा हात घसरतो तो तेलात. स्प्रिंगला आणि सावकाश फिरणाऱ्या चक्रांना जाड तेल, बॅलन्सच्या टोकांना पातळ, चक्रांच्या दातांना अजिबात नाही आणि पॅलेटच्या टोकांना तर जवळजवळ शपथेवर नाही. जास्त तेल पसरतं, धूळ ओढतं आणि घड्याळ होतं त्याहून वाईट होऊन बसतं.

इथेच पहिला आक्षेप येतो: एवढं नाजूक काम हौशी माणसाने करावंच कशाला? बिघडवून ठेवेल. आक्षेप खरा आहे. हेअरस्प्रिंगला चिमट्याचा एक चुकीचा स्पर्श पुरतो. पण यावरून ‘करू नये’ असं निघत नाही, ‘आजोबांच्या घड्याळावर शिकू नये’ एवढंच निघतं. शिकायला मोडकं ‘जनता’च बरं. मशीन साधं, बिनऑटोमॅटिक, बिनतारखेचं, आणि लाखो निघाल्यामुळे ओळखीचं. तपासायची सोयही आता हाताशी आहे. मोबाइलवरचं ॲप टिकटिक ऐकून घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं ते सांगतं. अर्थात त्याच मोबाइलच्या स्पीकरमधल्या चुंबकाने हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू शकतात आणि घड्याळ पिसाटल्यासारखं पुढे पळतं, म्हणून रात्री दोघांना एकाच उशीजवळ ठेवू नये. मर्यादाही सांगायला हवी. पूर्वी अंधारात चमकणाऱ्या कित्येक डायलांवर रेडियम असे. चमक विझली तरी रेडियम तिथेच असतं, त्याचं अर्धं आयुष्यच सोळाशे वर्षांचं. अशा डायलची पूड खरवडणं हा हौशी माणसाचा प्रांत नाही, घड्याळजीचाही नाही.

दुसरा आक्षेप, मोबाइल सेकंदाचीही चूक करत नाही, मग हे कशाला? मुळात ही घड्याळं वेळ पाहण्यासाठी वाचवायची आहेत असं कुणी म्हणतच नाही. तरी दिवसात ३० सेकंदांची चूक म्हणजे २,८८० सेकंदांमागे एक. विजेशिवाय, केवळ गुंडाळलेल्या पट्टीच्या जोरावर हे साधणारं यंत्र गबाळं म्हणता येणार नाही. मला यापेक्षा गंभीर वाटतो तो ‘नवं करून देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदा. दहा घड्याळांचे तुकडे जोडून, मूळ डायल पुसून, त्यावर भडक रंग आणि वाकडी अक्षरं छापून विकलेल्या मालाला परदेशातले संग्राहकही ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात आणि हसतात. पिवळट, डाग पडलेलं मूळ डायल रंगवलेल्या डायलपेक्षा शंभरपट मोलाचं. मशीन स्वच्छ करा, डायलला हात लावू नका.

राहिला प्रश्न पार्टचा, आणि तो खरा अवघड आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, म्हणजे नवे पार्ट आता निघणार नाहीत. जुना साठा संपेल तसा बॅलन्सचा दांडा, चावीचा दांडा, खटक्याची स्प्रिंग मिळायची ती दुसऱ्या बंद घड्याळातूनच. तेव्हा गणपतीत घर झाडताना गंजलेलं, काच फुटलेलं, काटा नसलेलं ‘जनता’ हाती लागलं तर त्याला चावी देऊन पाहू नका, सुक्या तेलात चक्रांची टोकं आणखी झिजतील. आणि भंगारातही घालू नका. शिकणाऱ्या कुणाला तरी द्या. त्यातल्या एका दांड्यावर शेजारच्या घरातलं घड्याळ चालू होईल.