सुटीच्या दिवसांतील मराठी मालिकांचे नवे पर्व आणि प्रेक्षकाचे मत : कोथरूडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मराठी दूरचित्रवाणी मालिकांच्या अभ्यासात वाहिनी, कथानक आणि टीआरपी या घटकांची चर्चा प्रामुख्याने होते. प्रेक्षकाचे मत मात्र गृहीत धरले जाते. जी मालिका अधिक पाहिली गेली ती अधिक आवडली, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. शनिवार-रविवारच्या मालिकांविषयी प्रेक्षकाचे मत कसे घडते आणि ते आकडेवारीत का उमटत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी पुण्यातील कोथरूड हे उपनगर विचारात घेतले आहे. महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह येथेच असल्याने रंगमंचावरील नाटक आणि घरातील मालिका यांची तुलना येथील प्रेक्षकास सहज करता येते.

१. प्रतीक्षेतून घडणारे मत :
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्या काळी 'साप्ताहिकी' पाहून पुढील आठवड्याचे बेत ठरत. १९८७-८८ मध्ये 'रामायण' आणि त्यानंतर 'महाभारत' या हिंदी मालिकांनी रविवारची सकाळ व्यापली. 'अल्फा मराठी' (पुढे 'झी मराठी') या वाहिनीवरील 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१-२००५) ही मालिकाही साप्ताहिकच होती. दोन भागांमधील सात दिवसांत पाहिलेल्या भागाची चर्चा होई, मतभेद होत आणि पुढील भागाविषयी अपेक्षा तयार होई. मत घडण्यासाठी लागणारा अवकाश प्रेक्षकास मिळत असे.

२. दैनंदिन मालिका आणि 'महाएपिसोड' :
दैनंदिन मालिकांनी हा अवकाश कमी केला. 'ईटीव्ही मराठी'वरील 'चार दिवस सासूचे' (२००१-२०१३) या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. इतक्या दीर्घ कृतीविषयी समग्र मत देणे अवघड असते, कारण तिचा शेवट दृष्टिपथात नसतो. रविवारचा 'महाएपिसोड' हा यावरचा उपाय वाटतो. परंतु तो स्वतंत्र नाट्य नसून दैनंदिन कथेचाच लांबवलेला भाग असतो. विवाह किंवा रहस्यभेद त्या दिवसापर्यंत राखून ठेवला जातो. त्यामुळे आठवडाभर कथा जागची हलत नाही, ही प्रेक्षकाची तक्रार निराधार म्हणता येत नाही.

३. 'पर्व' या रचनेचे महत्त्व :
'झी मराठी'वरील 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका दैनंदिन असली तरी २०१६, २०१९ आणि २०२१ अशा तीन पर्वांत सुरू झाली. दुसऱ्या पर्वात पहिल्या पर्वापूर्वीची कथा सांगण्यात आली. पहिले पर्व संपलेले असल्यामुळेच प्रेक्षकास दोन्ही पर्वांची तुलना करता आली. अण्णा नाईक या व्यक्तिरेखेचा पूर्वेतिहास पटतो का, हा प्रश्न त्यातूनच विचारता आला. नवे पर्व हे केवळ जाहिरातीचे निमित्त न राहता मूल्यमापनाची संधी ठरते, ते अशा वेळी.

४. मोजमापाची मर्यादा :
२०१५ पासून 'बार्क' ही संस्था निवडक कुटुंबांतील यंत्रांच्या साहाय्याने प्रेक्षकसंख्या मोजते. तिचा मोजणीचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. यंत्र किती जणांनी किती मिनिटे पाहिले हे सांगते; कसे पाहिले हे सांगत नाही. रागाने पाहणारा, सवयीने पाहणारा, घरातील वडीलधाऱ्यांसाठी पाहणारा आणि मनापासून पाहणारा हे चौघेही त्या नोंदीत समान ठरतात.

५. कोथरूडमधील प्रेक्षकाचे निकष :
नाट्यगृहात प्रेक्षक तिकीट काढून जातो. दोन-अडीच तासांत संपूर्ण कथा पाहतो आणि मध्यंतरात चहा-बटाटेवडा घेताना पहिल्या अंकावर मत देऊन मोकळा होतो. अनेकदा तोच नट त्याला नाटकात आणि मालिकेतही दिसतो. साहजिकच संवाद नैसर्गिक आहेत का, प्रसंगामुळे कथा पुढे सरकते का आणि व्यक्तिरेखेचे वागणे सुसंगत आहे का, हे रंगभूमीचे निकष तो मालिकेस लावतो. मालिकेचे अर्थकारण वेगळे असल्याने हे निकष काहीसे कठोर ठरतात, हे मान्य करावे लागेल. रोज एक भाग पूर्ण करणाऱ्या लेखकास नाटककाराइतकी उसंत नसते. तथापि निकष कठोर आहेत म्हणून ते अप्रस्तुत ठरत नाहीत.

निष्कर्ष :
१. पाहणे आणि पसंत करणे या भिन्न क्रिया असून टीआरपी केवळ पहिलीची नोंद घेतो.
२. साप्ताहिक प्रसारण आणि मर्यादित पर्व या रचना प्रेक्षकास मत घडवण्याचा अवकाश देतात.
३. प्रेक्षकाची मते मौखिक असल्याने ती लवकर लुप्त होतात. ती जतन न झाल्यास मराठी मालिकांच्या भावी इतिहासकारापुढे केवळ आकडे उरतील आणि नाइलाजाने पाहिलेली मालिकाही लोकप्रिय म्हणून नोंदली जाईल. महाविद्यालयांतील मराठी व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून आपल्या परिसरातील प्रेक्षकांची मते, वय आणि पाहण्याच्या कारणासह, नोंदवून ठेवल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.